भूल उतरवताना: निओस्टिग्मिन की सुगामॅडेक्स?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

मी भूलतज्ज्ञ आहे. एकवीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक तालुक्याच्या गावांतल्या लहान ऑपरेशन थिएटरांमध्ये (ओटी) गेली. हा धागा काढायचं कारण म्हणजे मागच्या पावसाळ्यातली एक केस. ती अजून मनातून जात नाही.

अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन. स्नायू सैल ठेवायला व्हेक्युरोनियम दिलं होतं. शेवटी पोट घट्ट वाटतंय असं सर्जननं सांगितलं म्हणून मी आणखी एक डोस दिला आणि पंधरा-वीस मिनिटांत ऑपरेशन आटोपलं. हा सैलपणा उलटवायला (रिव्हर्सल) नेहमीप्रमाणे निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेटची मिश्र कुपी भरली आणि दिली. थोड्या वेळानं श्वास आला, त्यांनी डोळे उघडले, हात दाबला, डोकं उचललं. श्वासाची ट्यूब काढली. रिकव्हरीत दहा मिनिटांनी सिस्टरनं हाक मारली. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८४, जबडा सैल, छाती आणि पोट उलटसुलट हलतंय, आणि डोळे टक्क उघडे. पुन्हा मास्क धरला, वीस-पंचवीस मिनिटं श्वास दिला, मग हळूहळू जोर आला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, मला सगळं ऐकू येत होतं. जीभ मागं जात होती आणि हाक मारता येत नव्हती."

चूक माझीच. औषध चुकलं नव्हतं, ते देण्याची वेळ चुकली होती. आणि वेळ बरोबर की चूक हे कळायला माझ्याजवळ बोटांच्या अंदाजाशिवाय काहीच नव्हतं.

वैद्यकीय नसलेल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. मज्जातंतूचं टोक ॲसिटिलकोलिन सोडतं, ते स्नायूवरच्या जागांवर बसतं आणि स्नायू आखडतो. पंगतीतले पाट समजा. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अट्राक्युरियम ही मंडळी त्या पाटांवर नुसतीच बसून राहतात, त्यामुळे खऱ्या पाहुण्याला जागा मिळत नाही. एरवी ॲसिटिलकोलिनला झटपट उठवून जागा मोकळी करणारं एक एन्झाइम तिथं असतं. निओस्टिग्मिन त्या एन्झाइमलाच थोपवतं. मग पाहुण्यांची गर्दी वाढते आणि रेटारेटीत ते पाट परत मिळवतात. पण एन्झाइम एकदा पूर्ण थोपवलं की त्याच्या पुढं निओस्टिग्मिन कितीही ओता, गर्दी वाढत नाही. पुरेसे पाट आधीच सुटलेले असतील तर हे औषध उत्तम काम करतं. सगळेच पाट अडवलेले असतील तर करत नाही. माझ्या पेशंटचं हेच झालं.

शिवाय ही गर्दी फक्त स्नायूंपाशी होत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ सुटते, दम्याच्या पेशंटच्या श्वासनलिका आवळतात. म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं. आपल्याकडच्या मिश्र कुपीत २.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिनला ०.५ मिलिग्रॅम ग्लायकोपायरोलेट असतं ते याचसाठी.

सैलपणा उलटवणारं दुसरं औषध म्हणजे सुगामॅडेक्स. त्याची रीतच निराळी. ते पाहुण्यांकडे पाहतच नाही. साखरेच्या आठ कड्यांचं ते एक कडं आहे, मधे पोकळी. रक्तातला रोक्युरोनियमचा रेणू त्या पोकळीत जाऊन अडकतो, एकास एक. रक्तातलं रोक्युरोनियम संपलं की स्नायूपाशी बसलेलं आपोआप रक्ताकडे ओढलं जातं आणि पाट रिकामे होतात. व्हेक्युरोनियमलाही ते पकडतं, जरा सैलसं. अट्राक्युरियम, सिसअट्राक्युरियम आणि स्कोलिन या स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधांना मात्र शिवतसुद्धा नाही, कारण त्यांचे रेणू त्या पोकळीत मावतील अशा घडणीचे नाहीत.

मला विचारायचंय ते हे. तुमच्याकडे रिव्हर्सल कसं ठरवता? आणि जोर किती परत आला हे मोजता का?

---

सुईदोरा

मी सर्जन. तुमची केस वाचून जरा गप्प झालो. "पोट घट्ट आहे" हे वाक्य मीही शेवटच्या टाक्याआधी कितीदा बोललो असेन. आणि दहा मिनिटांनी "अजून उठले नाहीत का?" हेही मीच विचारतो, कारण दारात पुढची केस उभी असते.

मला साधा हिशोब सांगा. निओस्टिग्मिन दिल्यावर खरोखर किती वेळ थांबायला हवं?

---

कृष्णाकाठ

@सुईदोरा, एकाच आकड्यात उत्तर देता येणार नाही, आणि गोम तिथंच आहे.

मनगटाजवळच्या मज्जातंतूला लागोपाठ चार हलके झटके देतात, त्याला ट्रेन ऑफ फोर म्हणतात. १९७० साली ही पद्धत आली. अंगठा किती वेळा हलला ते मोजायचं, आणि चारही वेळा हलला तर चौथं हलणं पहिल्याच्या किती प्रमाणात आहे ते पाहायचं. हे गुणोत्तर ०.९ झाल्याशिवाय ट्यूब काढायची नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा ०.७ पुरेसं मानत. पण पूर्ण जाग्या निरोगी माणसांवर तपासलं तेव्हा ०.९ च्या खाली गिळणं बिघडलेलं आढळलं, काहींना एकाचं दोन दिसत होतं.

आता वेळ. दोन झटक्यांना अंगठा हलू लागला असताना एका तुलनेत रोक्युरोनियमच्या पेशंटना किलोला २ मिलिग्रॅम सुगामॅडेक्स दिलं, तर ०.९ ला पोचायला दीड मिनिटाच्या आसपास लागलं. किलोला ५० मायक्रोग्रॅम निओस्टिग्मिन दिलेल्यांना सतरा-अठरा मिनिटं. आणि ब्लॉक (औषधानं आणलेला सैलपणा) खोल असताना, म्हणजे चारपैकी एकाही झटक्याला अंगठा हलत नसताना, किलोला ४ मिलिग्रॅम सुगामॅडेक्सनं ३ मिनिटांच्या आत काम झालं, तर ७० मायक्रोग्रॅम निओस्टिग्मिनला सुमारे ५० मिनिटं लागली. हे सरासरीचे आकडे. यांच्या कितीतरी पुढं जाणारे पेशंट असतात. वय झालेलं माणूस, अंग गार पडलेलं माणूस हमखास उशिरा येतं.

तुमचे शेवटचे टाके चालू असताना मी डोस दिला असेल, तर त्यानंतर थोड्याच वेळात निओस्टिग्मिनकडून काही मागण्यात अर्थ नाही. मी मागितलं होतं.

---

अट्रावाला

कृष्णाकाठ, केस प्रामाणिकपणे मांडलीत, त्याबद्दल आदर आहे. पण धाग्याचा रोख सुगामॅडेक्सकडे चाललाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या गावी मी अट्राक्युरियम वापरतो. ते शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या आम्ल-अल्कली पातळीला आपोआप फुटतं, हॉफमन विघटन म्हणतात त्याला. यकृत आणि मूत्रपिंडावर ते अवलंबून नाही. शेवटचा डोस लवकर देतो, चारही झटके दिसल्यावरच निओस्टिग्मिन देतो आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतो. पेशंट छान उठतात. एका कुपीला मूठभर रुपये लागतात. सुगामॅडेक्स त्याच्या कितीतरी पट महाग. ज्या बाईनं म्हैस विकून ऑपरेशनचे पैसे भरलेत, तिच्या बिलात आठ मिनिटं वाचवायला ती रक्कम मी कशी लिहू?

आणि अभ्यासांबद्दल. २०१९ मध्ये युरोपातल्या २८ देशांतल्या २२ हजारांहून अधिक पेशंटचा मोठा अभ्यास आला. त्यात रिव्हर्सल दिलं म्हणून फुप्फुसाच्या तक्रारी कमी झाल्या, असं दिसलं नाही. सुगामॅडेक्सही निओस्टिग्मिनपेक्षा सरस ठरलं नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या १२ रुग्णालयांच्या नोंदींवरून ४५ हजारांवर पेशंट पाहिले, त्यात सुगामॅडेक्सवाल्यांत अशा तक्रारी ३.५ टक्के आणि निओस्टिग्मिनवाल्यांत ४.८ टक्के निघाल्या. दोन्ही अभ्यास नोंदी पाहून केलेले आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. त्यामुळे यावर छातीठोक बोलू नये.

---

टेम्सकाठी

मूळची कोल्हापूरची, आता लंडनला भूल देते.

@अट्रावाला, तुम्ही अभ्यासांबद्दल म्हणता ते खरं आहे. पण तुमच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट अट्राक्युरियम नाही आणि निओस्टिग्मिनही नाही. मुख्य गोष्ट म्हणजे तुम्ही झटके पाहता आणि थांबता. हे किती जण करतात?

तरीही एक शंका. झटके डोळ्यांनी पाहता की यंत्र गुणोत्तर दाखवतं? गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की चौथं हलणं कमी आहे हे अनुभवी माणसालाही बोटांनी कळत नाही. म्हणजे ०.४ ते ०.९ हा सगळा पट्टा आपल्याला आंधळा. कृष्णाकाठ यांच्या पेशंटनं डोकं उचललं होतं ना? ०.५-०.६ लाही माणूस पाच सेकंद डोकं उचलून धरू शकतो. गिळणं आणि घसा उघडा ठेवणं त्याला जमत नसतं.

इथली उलटी गोष्टही सांगते. मी आधी ज्या रुग्णालयात होते तिथं सुगामॅडेक्स मुबलक होतं. शेवटी सगळ्यांना एक व्हायल, २०० मिलिग्रॅम, मोजणं वगैरे काही नाही. एक धिप्पाड पेशंट, ११५ किलो, ब्लॉक खोल. त्याला लागणार होते ४६० मिलिग्रॅम, मिळाले २००. पहिल्यांदा छान उठला, अर्ध्या तासानं रिकव्हरीत ढिला पडला. रेणूला रेणू जुळावा लागतो. कमी कडी टाकली तर उरलेलं रोक्युरोनियम परत स्नायूंकडे येतं. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) दिलं की आकडा दाखवणारा मॉनिटर लावायचाच. महाग औषध हाताशी आहे म्हणून त्या वाक्याला सूट मिळत नाही.

---

रानजाई

मी डॉक्टर नाही. वाचताना छातीत धडधडलं. "ऐकू येत होतं पण हाक मारता येत नव्हती" हे आमच्या घरात पुढच्या महिन्यात होऊ नये म्हणून विचारते.

आईचं (७१) हर्नियाचं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देणार म्हणतात. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं असतं, अजून डायलिसिस नाही. तिला कुठलं औषध बरं? आणि भूल उतरणं आणि हे रिव्हर्सल एकच का?

---

कृष्णाकाठ

@रानजाई ताई, आधी दुसरा प्रश्न. एकच नाही. झोप आणणारं औषध वेगळं, दुखणं मारणारं वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. झोपेचं औषध बंद केलं की ते उतरतं. रिव्हर्सल फक्त स्नायूंचा सैलपणा काढतं. म्हणून झोप उतरली आणि स्नायू अजून सैल, असं मधलं वाईट ठिकाण तयार होऊ शकतं. माझे पेशंट तिथं अडकले होते.

आईंबद्दल. सुगामॅडेक्स आणि त्यानं पकडलेलं औषध, दोन्ही लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. अशा पेशंटमध्ये ते वापरलं गेलंय आणि कामही करतं, पण ते कडं शरीरात बरेच दिवस फिरत राहतं. अट्रावाला म्हणतात ते अट्राक्युरियम अशा माणसाला फार सोयीचं, कारण ते मूत्रपिंडाची वाट पाहत नाही. निओस्टिग्मिनही मूत्रपिंडावाटे जातं, पण तिथं उशीर झाला तर त्याचा परिणाम लांबतो इतकंच.

निवड तुमच्या भूलतज्ज्ञांची. त्यांना भूलपूर्व तपासणीच्या वेळी ताजं क्रिएटिनिन दाखवा, आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, आधीच्या भुलीत काही त्रास झाला असेल तर सांगा. आणि "स्नायूंचा जोर मोजायचं यंत्र आहे का?" असं सरळ विचारा. कोणी चिडणार नाही. चिडलं तरी विचारा. तुमचा हक्क आहे तो.

---

औषधकट्टा

रुग्णालयाची फार्मसी सांभाळतो, माझ्या बाजूनं थोडं.

निओस्टिग्मिन १९३१ पासूनचं. त्याच्याही आधी, १९०० साली, व्हिएन्नात याकोब पाल यांच्या लक्षात आलं होतं की त्याच गटातलं फायसोस्टिग्मिन हे औषध क्युरार या स्नायू सैल करणाऱ्या विषाचा असर उलटवतं. ऑपरेशनच्या टेबलावर क्युरार आलं ते १९४२ च्या जानेवारीत, माँट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन या डॉक्टरांच्या हातून. म्हणजे उतारा आधी सापडला आणि रिलॅक्संट ओटीत नंतर आलं. मला हे फार विलक्षण वाटतं.

सुगामॅडेक्स स्कॉटलंडमधल्या न्यूहाउसच्या ऑर्गनॉन या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. अँटन बॉम रोक्युरोनियमसारखी औषधं विरघळवायला काही मिळतं का ते शोधत होते, आणि विरघळवणाऱ्या कड्यानंच ते औषध गिळून टाकलं. युरोपात २००८ ला परवानगी मिळाली, जपानमध्ये २०१० ला. अमेरिकेनं ॲलर्जीच्या शंकेवरून आधी नकार दिला आणि १५ डिसेंबर २०१५ ला मान्यता दिली. ती शंका पोकळ नव्हती. निरोगी स्वयंसेवकांना किलोला १६ मिलिग्रॅम दिले तेव्हा जवळपास ३०० जणांत एकाला तीव्र ॲलर्जी आली. क्वचित ठोके एकदम मंदावतात, हृदय थांबल्याच्याही नोंदी आहेत. दिल्यावर पाच मिनिटं मॉनिटरवरून नजर हलवू नये, असं मी प्रत्येक इश्यूच्या वेळी तोंडी सांगतो.

साठ्याचं सांगतो. साठ किलोच्या पेशंटला २ मिलिग्रॅमच्या दरानं १२० मिलिग्रॅम लागतात, एका व्हायलमध्ये भागतं. पण रोक्युरोनियमचा मोठा डोस दिला आणि ट्यूब जाईना, अशा वेळचा डोस किलोला १६. म्हणजे ९६० मिलिग्रॅम, जवळजवळ पाच व्हायल. "आणीबाणीसाठी एक ठेवा" म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करावा. आता भारतीय कंपन्यांचंही मिळतं, तरी पाच व्हायल फ्रिजशेजारच्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहिल्या तर लहान रुग्णालयाला जड जातं.

---

टेम्सकाठी

@औषधकट्टा, त्या पाच व्हायलबद्दल एक भर. त्या फोडून, भरून, देईपर्यंत मिनिटं जातात, आणि श्वासमार्ग सुजलेला असेल तर स्नायूंचा जोर येऊनही हवा आत जात नाही. ट्यूब जाईना तेव्हा आधी ऑक्सिजनची वाट उघडायची. सुगामॅडेक्स हा बेत असू शकतो, एकमेव बेत नाही.

आणि स्त्री पेशंटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. हे कडं प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकंही पकडतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुगामॅडेक्स मिळालेला दिवस गोळी चुकल्यासारखा धरायचा. संप्रेरकांचं इंजेक्शन, पॅच किंवा संप्रेरकं सोडणारी तांबी (साधी तांब्याची नव्हे) असेल तर पुढचे सात दिवस निरोध वगैरे दुसरं साधनही वापरायचं. ऑपरेशनच्या दिवशी ही बाई गुंगीत असते, तेव्हा सांगून ऐकू जात नाही. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.

---

अट्रावाला

टेम्सकाठी, तुमच्या शंकेचं उत्तर: झटके डोळ्यांनीच पाहतो. ०.४ च्या वर मीही आंधळाच, हे मान्य. दहा-पंधरा मिनिटांचा माझा नियम म्हणजे त्या आंधळ्या पट्ट्याला घातलेलं कुंपण.

अमेरिकन भूलतज्ज्ञ सोसायटीचे २०२३ चे निर्देश काल रात्री पुन्हा वाचले. खोल, मध्यम आणि उथळ ब्लॉकला सुगामॅडेक्स. पण गुणोत्तर ०.४ ते ०.९ च्या मधे आलेलं असेल तर निओस्टिग्मिनही चालतं, असं तिथं स्पष्ट आहे. म्हणजे माझ्या स्वस्त कुपीला जागा आहे, मात्र ती जागा मोजल्याशिवाय सापडत नाही. म्हैस विकलेल्या बाईला सुगामॅडेक्स नको असेल तर तिला मॉनिटर जास्त हवा. यावर माझं मत बदललं आहे.

---

ओटीसिस्टर

मी क्वचित लिहिते. आमच्या ओटीत तीन वर्षांपूर्वी नवं भुलीचं मशीन आलं. त्याच्यासोबत अंगठ्याला लावायची केबल होती. पहिल्या दिवसापासून पिशवीसकट कपाटात आहे. हा धागा वाचून काल काढली. उद्याच्या यादीतल्या पहिल्या केसला लावूया, असं सरांना विचारलंय, ते हो म्हणाले. लावताना काय बघू?

---

कृष्णाकाठ

@ओटीसिस्टर, फार बरं केलंत.

मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत इलेक्ट्रोड लावा. त्वचा आधी स्पिरिटनं पुसून कोरडी करा. अंगठा मोकळा हलला पाहिजे, ड्रेपखाली दबता कामा नये. पेशंट झोपल्यावर पण रिलॅक्संट देण्याआधी मशीनला कॅलिब्रेशन करू द्या, नाहीतर शेवटचा आकडा खोटा मोठा दाखवतं. हात ड्रेपखाली गेला म्हणून भुवईजवळ लावण्याचा मोह होतो, तो टाळा. तिथले स्नायू लवकर सुटतात, घशाचे अजून सुटलेले नसतात. आणि तो हात पांघरुणात गरम ठेवा.

---

ओटीसिस्टर

लावली. बाई, ५२ वर्षं, पित्ताशयच. सरांनी अट्राक्युरियम दिलं होतं. चारही झटके आल्यावर मिश्र कुपी दिली. सात मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले, हात दाबला, डोकं उचललं. रोज आम्ही इथं ट्यूब काढतो. स्क्रीनवर ०.६२ होतं. सर्जन दारात उभे होते. सर म्हणाले, थांबू. परत थोडा गॅस चालू केला आणि थांबलो. ०.७४, ०.८१, मग बराच वेळ ०.८६ वरच. एकोणिसाव्या मिनिटाला ०.९३ आलं तेव्हा ट्यूब काढली. रिकव्हरीत त्यांनी स्वतः मान वळवून पाणी मागितलं, स्पष्ट आवाजात.

केबल आता मशीनलाच लावून ठेवली आहे.